डिझेल की हायब्रीड? आधी रनिंग कुठलं ते बघा, मग किती ते मोजा

शोरूममध्ये पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘साहेब, रनिंग किती?’ महिन्याला सातशे-आठशे किलोमीटर म्हणालात तर पेट्रोल, दीड-दोन हजारांच्या वर म्हणालात तर डिझेल. हा ठोकताळा आपल्याकडे इतका मुरलाय की लोक घरूनच ठरवून येतात.

एके काळी तो बरोबरही होता. 2012 च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांच्या पुढे होतं आणि डिझेल 41 च्या आत. लिटरमागे तीस रुपयांवर फरक आणि वर डिझेलचं अ‍ॅव्हरेज जास्त, म्हणजे दुहेरी फायदा. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून सुटला आणि ती दरी बुजत गेली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे कडक निकष लागू झाले, डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये महागडी यंत्रणा आली आणि मारुतीने त्याच वेळी डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. 2022 मध्ये होंडा सिटी, मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर अशा मध्यम आकाराच्या गाड्या स्ट्राँग हायब्रीडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला ताकदवान विजेची मोटर घेऊन आल्या. हिशेबाचे सगळे आकडे बदलले, ठोकताळा मात्र तोच राहिला.

आज ‘रनिंग किती’ याच्या आधी ‘रनिंग कुठलं’ हे विचारायला हवं. सिग्नलचं, हायवेचं की घाटाचं? एकटं की सहा माणसं आणि टपावर सामान घेऊन? यावर निर्णय जेवढा फिरतो तेवढा किलोमीटरच्या आकड्यावर फिरत नाही.

हायब्रीड म्हणायचं कशाला

आधी एक गोंधळ दूर करू. मागच्या दारावर ‘हायब्रीड’ची पट्टी असली म्हणजे गाडी हायब्रीड झाली असं नाही. माइल्ड हायब्रीडमध्ये अल्टरनेटरच्या जागी पट्ट्यावर चालणारी छोटी मोटर-जनरेटर असते. ती सिग्नलला बंद पडलेलं इंजिन पुन्हा चालू करते, पिकअप घेताना थोडा हातभार लावते. तेवढंच. अ‍ॅव्हरेजमध्ये फरक पडतो, पण थोडा. स्ट्राँग हायब्रीडमध्ये मोटर एवढी ताकदवान असते की इंजिन बंद ठेवून ती एकटी गाडी ओढते. टेस्ट ड्राइव्हला हे दोन मिनिटांत कळतं: गाडी ‘रेडी’ करा आणि ब्रेक हळूच सोडा. इंजिनाचा आवाज न येता गाडी पार्किंगमधून बाहेर पडली तर ती स्ट्राँग हायब्रीड. बॅटरी अगदी उतरलेली असेल किंवा इंजिन थंड असेल तर ते थोडा वेळ सुरू होईल, म्हणून चार-पाच किलोमीटर चालवून पुन्हा बघा. या लेखात हायब्रीड म्हटलं की स्ट्राँग हायब्रीडच समजा.

टोयोटाच्या पद्धतीत, आणि तीच ग्रँड विटारा आणि हायरायडरमध्ये आहे, गिअरबॉक्सच्या जागी दातेरी चाकांचा एक संच असतो. मधल्या चाकाला जनरेटर जोडलेला, त्याच्याभोवती फिरणाऱ्या छोट्या चाकांच्या चौकटीला इंजिन आणि बाहेरच्या कड्याला गाडीची चाकं. ओढणारी मोठी मोटरही चाकांच्याच बाजूला. जनरेटर किती वेगाने फिरवायचा हे कॉम्प्युटर ठरवतो आणि त्यावर इंजिनाची किती ताकद सरळ चाकांकडे जायची, किती विजेच्या वाटेने जायची हे ठरतं. यात क्लच नाही, बदलायचे गिअर नाहीत, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. रिव्हर्ससुद्धा मोटर उलटी फिरवून होतो. होंडाची रचना वेगळी आहे. तिथे शहरात इंजिन बहुतेक वेळ फक्त वीज तयार करतं आणि हायवेच्या वेगाला एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो.

इंजिनही वेगळ्या धाटणीचं असतं. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. त्यामुळे हवा दाबण्याचा फेरा लहान आणि जळलेल्या वायूकडून काम करून घेण्याचा फेरा मोठा पडतो. पेट्रोलमधली ऊर्जा जास्त पिळून निघते, पण कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, ते मऊ पडतं. ती कसर मोटर भरून काढते. म्हणूनच मोटर थकली की हे इंजिन उघडं पडतं. घाटात काय होतं ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवा.

वाकड ते हिंजवडी, सकाळी साडेनऊ

पुण्यातल्या या कोंडीच्या रस्त्यावर डिझेल गाडी काय करते? पहिला गिअर, हाफ क्लच, दहा मीटर, ब्रेक. इंजिन सतत चालू, एसीचा कॉम्प्रेसर त्याच्याच गळ्यात. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की कमावलेला वेग डिस्कवर उष्णता होऊन उडून जातो. शिवाय डिझेल इंजिन गरम व्हायला वेळ घेतं. सात-आठ किलोमीटरचा प्रवास असेल तर ते नीट गरम होईपर्यंत ऑफिस येतं.

हायब्रीडमध्ये त्याच रांगेत इंजिन बहुतांश वेळ बंद. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून तो चालवायला इंजिन लागत नाही. गाडी मोटरवर सरकते. ब्रेकवर हलका पाय ठेवला की मोटर जनरेटर होते आणि वेगातला काही भाग परत बॅटरीत जातो. बॅटरी ठरलेल्या पातळीखाली आली की इंजिन काही मिनिटं चालू होतं, तेही त्याला परवडेल अशा आरपीएमला. आणि पुन्हा बंद.

ही बॅटरी किती लहान असते हे बहुतेकांना माहीत नसतं. ग्रँड विटारा आणि हायरायडरमध्ये ती 0.76 किलोवॅट-तासांची आहे. साध्या इलेक्ट्रिक कारची बॅटरी तीस-चाळीस किलोवॅट-तासांची असते. म्हणजे हायब्रीडची बॅटरी ही दुकानाच्या गल्ल्यातल्या सुट्ट्या पैशांसारखी आहे. दिवसभर आत-बाहेर चालू, पण साठा असा नाहीच. जिथे वारंवार थांबणं आणि निघणं आहे तिथे हा गल्ला खणखणतो. जिथे एकाच वेगाने तासन्‌तास जायचं आहे तिथे त्याला फारसं काम उरत नाही.

खंडाळ्याचा घाट, दोन्ही दिशांनी

लोणावळा समुद्रसपाटीपासून 620 मीटरच्या आसपास, खोपोली साधारण साडेपाचशे मीटर खाली. माणसांसकट 1,400 किलोची गाडी एवढी खाली उतरली की सुमारे 2 किलोवॅट-तास ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही हवेत आणि टायरमध्ये जाते, उरलेली बॅटरीत भरायची म्हटली तर बॅटरी मुळातच 0.76 ची, आणि आयुष्य टिकावं म्हणून कॉम्प्युटर तिचा मधलाच पट्टा वापरतो. म्हणजे अर्धा घाट उतरेपर्यंत बॅटरी भरते आणि मोटरचं ब्रेकिंग जवळपास संपतं. ज्याला हे माहीत नाही तो उरलेला घाट फक्त ब्रेकवर उतरतो आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक तापतात. हायब्रीडच्या गिअर लिव्हरवर ‘बी’ असेल तर ते याच कामासाठी आहे. बॅटरी भरल्यावर गाडी इंधन न जाळता इंजिन नुसतं फिरवून वेग रोखते. इंजिन घुमल्यासारखा आवाज येतो, तो बरोबर आहे, घाबरायचं कारण नाही. सपाटीवर मात्र ‘बी’ लावून ठेवू नका, अ‍ॅव्हरेज पडतं.

आता उलट. तीच गाडी खोपोलीहून वर चढवायची तर तेवढीच, म्हणजे 2 किलोवॅट-तास ऊर्जा नुसती उचलण्यात लागते. सुरुवातीचा किलोमीटर-दोन किलोमीटर मोटर छान साथ देते, मग गल्ला रिकामा होतो आणि सगळा भार 1.5 लिटरच्या, 92 पीएसच्या तीन सिलिंडर इंजिनावर येतो. आरपीएम वर चढून तिथेच राहतो, आवाज मोठा आणि वेग त्या मानाने हळू वाढतो. दोन माणसं असतील तर जाणवणारही नाही. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि पुढे कंटेनर ओलांडायचा असेल तर जाणवेल.

इथे डिझेलचा खरा गुण दिसतो. 1.5 लिटरच्या टर्बो डिझेलला 1,500 आरपीएमलाच 250 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, मिळतो. इनोव्हा क्रिस्टाच्या 2.4 लिटर डिझेलला 343. घाट कितीही लांब असला तरी ही ताकद संपत नाही, कारण ती साठवलेली नाही, इंधनातून थेट येते. वरंधा, आंबेनळी, आंबोली असे घाट ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत आणि गाडी भरलेली असते, त्यांना डिझेलचा मोह वाटतो तो उगाच नाही.

डीपीएफ: डिझेल घेणाऱ्याने हे पूर्ण वाचावं

बीएस-6 डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी, तिची एकाआड एक छिद्रं बंद केलेली. धूर भिंतीतून आरपार जातो, काजळी आत अडकते. ही काजळी वेळोवेळी जाळून टाकावी लागते, आणि तिला जळायला 600 अंशांच्या आसपास तापमान लागतं. हायवेवर एक्झॉस्ट मुळात गरम असतो, त्यामुळे बरीच सफाई चालता चालता होते. शहरात ते तापमान येतच नाही. मग कॉम्प्युटर सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जास्त डिझेल सोडतो आणि ते एक्झॉस्टमध्ये जाऊन डीपीएफ तापवतं. याला रीजनरेशन म्हणतात. वेळ लागतो साधारण पंधरा ते वीस मिनिटं.

अडचण अशी की या पंधरा मिनिटांत तुम्ही सोसायटीच्या गेटात शिरता आणि चावी बंद करता. सफाई अर्धवट राहते. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा अर्धवट. आणि प्रत्येक वेळी उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून पिस्टन रिंगच्या खाली, इंजिन ऑइलमध्ये उतरतो. ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी न होता वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ते वाढलेलं ऑइल नसून डिझेल आहे. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर किलोमीटर पूर्ण व्हायची वाट न पाहता ऑइल बदलून घ्या. टर्बोचे बेअरिंग आणि इंजिन दोन्ही त्याच ऑइलवर जगतात.

रीजनरेशन चालू असल्याची लक्षणं ओळखता येतात. उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा किंचित जास्त असतो, ऑटो स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, अ‍ॅव्हरेजचा आकडा अचानक घसरतो, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो आणि गरम, जळकट वास येतो. असं दिसलं आणि शक्य असेल तर आणखी दहा मिनिटं चालवून मगच बंद करा. अशा वेळी वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर गाडी लावू नका. खालून एक्झॉस्ट प्रचंड तापलेला असतो, आग लागू शकते.

डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला, म्हणजे ठिपके भरलेला डबा आणि त्यातून जाणारी नळी असं चिन्ह दिसलं, तर त्याच दिवशी गाडी मोकळ्या रस्त्यावर काढा. 60 ते 80 चा वेग, गिअर एक खाली ठेवून आरपीएम 2,000 च्या वर, वीस-पंचवीस मिनिटं, न थांबता. टाकीत डिझेल पाव टाकीपेक्षा कमी असेल तर आधी भरा, कारण इंधन कमी असताना बऱ्याच गाड्या रीजनरेशन सुरूच करत नाहीत. दिवा विझला की काम झालं. दिव्यासोबत इंजिनाचा पिवळा दिवाही लागला किंवा गाडीने ताकद देणं बंद केलं, तर मात्र जोरात चालवायचा प्रयोग करू नका. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून उभ्या गाडीत रीजनरेशन करावं लागतं. तेही झालं नाही तर फिल्टर काढून साफ करणं, नाहीतर नवा टाकणं. नवा डीपीएफ हा गाडीतल्या सर्वांत महाग सुट्या भागांपैकी आहे.

ऑइल कुठलं टाकता हेही इथे महत्त्वाचं. काजळी जळते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती जाळीत कायमची बसते. म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कमी राखेचं ऑइल, बहुतेक ठिकाणी सी-3 दर्जाचं, तेच टाका. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये ‘हे पण चालतंय’ म्हणत जुन्या डिझेलचं ऑइल ओततात, त्याचा परिणाम दोन-तीन वर्षांनी दिसतो आणि तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

बऱ्याच डिझेल गाड्यांना डीईएफसुद्धा लागतं. ते म्हणजे 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड त्याने निवळतात. डिझेलच्या तुलनेत ते फार कमी लागतं आणि महागही नाही. पण टाकी पूर्ण रिकामी झाली आणि गाडी बंद केली की पुन्हा सुरू होत नाही, म्हणून डॅशबोर्डवरची उलटी मोजणी गांभीर्याने घ्या. सीलबंद कॅन घ्या, सुटं डीईएफ घेऊ नका. ते भरण्याचं तोंड बहुधा निळ्या झाकणाचं आणि डिझेलच्या शेजारीच असतं, त्यामुळे चूक होते. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावी फिरवूच नका. पंप सुरू झाला की ते 1,600 ते 2,000 बार दाबाच्या पंपात आणि इंजेक्टरमध्ये जातं आणि ती सगळी यंत्रणा बदलायची वेळ येते. गाडी ढकलून बाजूला घ्या, टोइंग बोलवा, टाकी रिकामी करून घ्या. खर्च हजारांत राहील, लाखांत जाणार नाही.

हायब्रीडमध्ये काय बिघडतं

सगळ्यांना भीती मोठ्या बॅटरीची असते. प्रत्यक्षात रस्त्यावर अडवते ती छोटी, 12 व्होल्टची साधी बॅटरी. कॉम्प्युटर आणि रिले तिच्यावर चालतात. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही. गाडी महिनाभर गावी उभी राहणार असेल तर दर आठवडा-पंधरवड्याला कुणाला तरी सांगून ती ‘रेडी’ करून अर्धा-पाऊण तास ठेवायला लावा. नुसतं बटण दाबून दिवे लावले तर उलट ती जास्त उतरते, डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसायला हवं. उतरलीच तर दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करता येतं. मात्र हायब्रीडच्या बॅटरीवरून दुसऱ्याचा ट्रक सुरू करून द्यायला जाऊ नका.

मोठ्या बॅटरीला थंड ठेवायला बहुतेक गाड्यांत पंखा केबिनमधली हवा ओढतो. त्याची जाळी सीटजवळ किंवा डिकीच्या बाजूला असते. तिथे बॅग, गोधडी, कुत्र्याचं अंथरूण ठेवलं की हवा अडते आणि बॅटरी तापते. उष्णता हा बॅटरीचा खरा शत्रू आहे, विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर जास्तच. मॅन्युअलमध्ये फिल्टर असल्याचं लिहिलं असेल तर प्रत्येक सर्व्हिसला तो साफ केला का ते विचारा. हे काम सर्व्हिसमध्ये सहज राहून जातं. टोयोटा या बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देते. इतर कंपन्यांची किती आहे आणि कोणत्या अटींवर, हे बुकिंगआधी लेखी घ्या.

ब्रेक पॅड हायब्रीडमध्ये खूप टिकतात, कारण निम्मं काम मोटर करते. कोकणात आणि किनाऱ्यालगत मात्र कमी वापरलेल्या डिस्कवर गंज धरतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर दोन-चार वेळा जरा जोरात ब्रेक लावा.

बोनेटखाली नारिंगी रंगाच्या केबल दिसतील. त्या उच्च दाबाच्या आहेत, त्यांना कुणीही हात लावायचा नाही. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून हॉर्न, फॉग लॅम्प, अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेणाऱ्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवावं. आणि हीच हायब्रीडची खरी मर्यादा: ऑइल-फिल्टर कुठेही होईल, पण हायब्रीड यंत्रणेचं काम प्रशिक्षित माणसानेच करावं. तुमच्या तालुक्यापासून असं सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर असेल तर तो मुद्दा अ‍ॅव्हरेजइतकाच मोठा आहे.

आता पैसे

हिशेबासाठी पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपये धरू. मध्यम आकाराची एसयूव्ही, माणसाने नीट चालवलेली. डिझेलचं शहरातलं अ‍ॅव्हरेज 13, हायवेला 19. हायब्रीडचं शहरात 21, हायवेला 19. ग्रँड विटारावर 27.97 चा आकडा छापलेला असतो, तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आहे. तो धरून बजेट आखू नका.

शहरात किलोमीटरला डिझेलचा खर्च 7 रुपये, हायब्रीडचा 4 रुपये 95 पैसे. हायब्रीड 2 रुपये 5 पैशांनी स्वस्त. हायवेला डिझेल 4 रुपये 79 पैसे, हायब्रीड 5 रुपये 47 पैसे. डिझेल 68 पैशांनी स्वस्त.

या दोन आकड्यांतच सगळं आहे. शहरात एक किलोमीटर चालवून हायब्रीड जेवढं वाचवते ते फेडायला डिझेलला हायवेवर तीन किलोमीटर पळावं लागतं. म्हणजे एकूण रनिंगच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त शहरात होत असेल तर इंधनात हायब्रीड पुढे. वर्षाला 25,000 किलोमीटर, त्यातले 20,000 हायवेचे, असा भरपूर फिरणारा माणूस घ्या. डिझेलने हायवेवर 13,600 रुपये वाचले, शहरातल्या 5,000 किलोमीटरमध्ये 10,250 रुपये गेले. वर्षाअखेर हातात उरले 3,350. जुन्या ठोकताळ्याने ज्याला डोळे झाकून डिझेल घे म्हटलं असतं, त्याच्या हातात एवढेच. समृद्धीवर सलग 120 ने जाणाऱ्याचं चित्र थोडं वेगळं, कारण त्या वेगाला हायब्रीडचं अ‍ॅव्हरेज डिझेलपेक्षा जास्त घसरतं.

खरेदीच्या वेळी आणखी एक फरक पडतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रोड टॅक्स, डिझेलला 14 टक्के. हायब्रीड पेट्रोलमध्येच धरली जाते. 15 लाखांच्या गाडीवर 30,000 रुपयांचा फरक. जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून या आकारात दोन्हींना 40 टक्केच आहे. चार मीटरच्या आतल्या, 1,500 सीसीपर्यंतच्या डिझेलला मात्र 18 टक्के, त्यामुळे छोटी डिझेल एसयूव्ही बघणाऱ्याने तिची तुलना मोठ्या हायब्रीडशी करू नये. तो खेळच वेगळा आहे.

आणि ज्याचं रनिंगच कमी आहे त्याने? साध्या पेट्रोलचं अ‍ॅव्हरेज शहरात 12, हायवेला 16 धरलं, आणि वर्षाला 6,000 किलोमीटर, त्यातले 5,000 शहरात, तर हायब्रीड वर्षाला साधारण 19,600 रुपये वाचवते. हायब्रीड तीन लाखांनी महाग असेल तर पैसे वसूल व्हायला पंधरा वर्षं. अशा घराने साधी पेट्रोल घ्यावी. डिझेल तर मुळीच नको, कारण कमी आणि तुकड्या-तुकड्यांचं रनिंग म्हणजे डीपीएफला आमंत्रण. तीच हायब्रीड वर्षाला 12,000 किलोमीटर, बहुतेक शहरात, चालवणाऱ्याला वर्षाला 38,000 वाचवून देते आणि आठ वर्षांत फिटते. गाडी चार वर्षांत विकायची सवय असेल तर हा हिशेबही लागू होत नाही.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं कमी येतं, आणि हायब्रीडही पेट्रोलच पिते. जुनी हायब्रीड घेत असाल तर ती ई-20 साठी बनलेली आहे का ते इंधनाच्या झाकणाआतल्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये बघा.

मग डिझेल कुणी घ्यावी

एकाच कंपनीच्या दोन इनोव्हा शेजारी उभ्या करा. क्रिस्टा लॅडर फ्रेमवरची, मागची चाकं ओढणारी, डिझेल, मॅन्युअल गिअरची. हायक्रॉस कारसारख्या एकसंध बॉडीची, पुढची चाकं ओढणारी, 2 लिटर पेट्रोल हायब्रीड. ठाण्यात राहून मुलांना शाळेत सोडणाऱ्या आणि महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्या कुटुंबाला हायक्रॉस सगळ्या बाजूंनी बरी. सात-आठ माणसं आणि कॅरिअरवर सामान घेऊन अष्टविनायक, पंढरपूर, गाणगापूर करणाऱ्याला, खडकाळ रस्त्याने वस्तीपर्यंत जाणाऱ्याला क्रिस्टाच लागते. चढावर, मातीत, भरलेल्या गाडीत वजन मागच्या चाकांवर येतं आणि पकड मिळते. ट्रेलर ओढायचा असेल, फोर बाय फोर हवी असेल तरीही डिझेलच, कारण तिथे हायब्रीडचे पर्यायच थोडे आहेत. थोडक्यात, डिझेल आता कामासाठी घ्यावी, पंपावर पैसे वाचवण्यासाठी नाही.

टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नका. घरातली पाच माणसं बसवा, एसी लावा, जवळचा एखादा चढ निवडा. पुण्यात कात्रज, नाशिककडे कसारा, कोल्हापूरकरांना जोतिबा. हायब्रीडची डिकी उघडून नेहमीची बॅग आत मावते का बघा, काही गाड्यांत बॅटरीने तळ वर उचललेला असतो. स्टेपनी आहे की नुसता पंक्चर किट, तेही तेव्हाच बघा.

जुनी गाडी घेताना हायब्रीडच्या बॅटरीचा तपासणी अहवाल अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून काढून घ्या, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. डिझेलच्या बाबतीत आधी आरसीवर मूळ नोंदणी कुठली ते बघा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेलवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने (एनजीटी) 2015 मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती कायम ठेवली आणि 2025 मध्ये कारवाईला लगाम घातला. या सगळ्या काळात तिथल्या अनेक गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत आल्या. स्वस्त म्हणजे वाईटच असं नाही, पण सर्व्हिसची नोंद सलग हवी. मग गाडी थंड असताना सायलेन्सरच्या तोंडाच्या आत बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असलेल्या बीएस-6 डिझेलची नळी आतून जवळपास स्वच्छ असते. बोटाला दाट काळी काजळी लागली तर डीपीएफ फुटलाय किंवा कुणीतरी आतून पोकळ करून ठेवलाय. तशी गाडी चालवणं बेकायदा आहे, आणि नव्या डीपीएफचा खर्च तुमच्या माथी येणार आहे. किमतीतून तो वजा करून घ्या, नाहीतर दुसरी गाडी बघा.